मलतपासणी कधी, कशासाठी, कशी? पोटाच्या आरोग्याविषयी सीमाभागातल्या वाचकांसाठी

गोव्यात सुर्ला नावाची दोन गावं आहेत. एक डिचोली तालुक्यातलं, साखळीच्या बाजूचं, खाणपट्ट्यातलं. दुसरं सत्तरीत, चोर्ला घाटाजवळ, कर्नाटकच्या हद्दीला लागून. दोन्हीकडे, आणि पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीतही, एक गोष्ट सारखीच दिसते. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं की माणूस हात पुढे करतो, लघवीची बाटलीही भरून देतो. पण चिठ्ठीवर ‘स्टूल’ असं लिहिलेलं दिसलं की ती चिठ्ठी घडी घालून खिशात जाते आणि तिथंच राहते. कोणाला घाण वाटते, कोणाला डबी घेऊन बसमध्ये बसायची लाज वाटते. ‘पोट बरं झालं आता, कशाला ते’ असं म्हणून विषय मिटतो.

हा विषय मिटू नये, कारण अंगातला थकवा, रक्त कमी असणं, वजन उतरणं, मुलाची वाढ खुंटणं यांचं मूळ कित्येकदा आतड्यात असतं आणि ते स्वस्तातल्या साध्या तपासणीत सापडू शकतं. आपल्या वैद्यांनाही मलाचं महत्त्व ठाऊक होतं. योगरत्नाकरात सांगितलेल्या अष्टविध परीक्षेत नाडी आणि मूत्रानंतर लगेच मल येतो.

रक्त कमी, पण का?

कुळागरात काम करणारी बाई घ्या. सकाळी अनवाणी माडा-पोफळींत शिंपणं, सुपाऱ्या गोळा करणं, गुरांचं बघणं. वर्षभर दम लागतो, पाय जड होतात, जीभ पांढरी पडते. हिमोग्लोबिन 8 येतं, लोहाच्या गोळ्या मिळतात, दोन महिने बरं वाटतं, मग परत तेच. लोह घालत राहायचं आणि गळतीकडे बघायचंच नाही, असा हा प्रकार.

अशा वेळी एक संशयित म्हणजे अंकुशकृमी, म्हणजे हूकवर्म. सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा हा जंत लहान आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याच्या एका जातीचा एकेक जंत दिवसाला 0.15 ते 0.2 मिलिलीटर रक्त घालवतो. शंभर जंत असले तर हिशेब आपला आपण करावा. उघड्यावर पडलेल्या विष्ठेतून अंडी मातीत जातात, आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. तिथून रक्तावाटे फुफ्फुसात, खोकल्यावाटे घशात आणि गिळल्यावर आतड्यात. ओलसर, सावलीची, भुसभुशीत माती या अळ्यांना मानवते. म्हणजे नेमकी कुळागरासारखी. रबरी चपला हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. पण चिखलात चपला रुततात म्हणून त्या बांधावर काढून ठेवल्या जातात, हेही खरंच.

1 ते 19 वर्षांच्या मुलांसाठी देशात 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. 10 फेब्रुवारीला, आणि बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये पुन्हा, शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी देतात. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी. मुलांना ही गोळी तपासणीशिवायच देतात आणि ते योग्यच आहे. मोठ्यांचा मात्र यात कोणी वाली नाही. शेतात राबणाऱ्या आई-आजीने आपणहून डॉक्टरांना विचारायला हवं. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेऊ नये, नंतरही डॉक्टरांना विचारूनच.

‘मूळव्याध असेल’ म्हणून सोडून देऊ नका

शौचाला रक्त दिसलं की आपल्याकडे निदान घरीच होतं: मूळव्याध. मग झाडपाला, मलम, तिखट बंद. पुष्कळदा ते निदान बरोबरही निघतं, आणि धोका तिथंच आहे, कारण मोठ्या आतड्याचा कर्करोगही सुरुवातीला असाच थोडं रक्त दाखवून गप्प बसतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला नव्याने रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन कारणाशिवाय उतरत असेल किंवा पुरुषाचं हिमोग्लोबिन उगाच खाली आलं असेल, तर बोटाने तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी व्हायलाच हवी.

डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायला दोन तऱ्हेच्या तपासण्या आहेत. जुन्या रासायनिक पद्धतीत आधी तीन दिवस मांस आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळाव्या लागतात. ‘फिट’ नावाची नवी तपासणी फक्त माणसाच्याच रक्तातला घटक ओळखते, त्यामुळे पथ्य लागत नाही. पण जठरातून होणारा स्राव तिला सहसा सापडत नाही. आणि ‘फिट’ पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला असं नाही. पुढे कोलोनोस्कोपी करायची, एवढाच तिचा अर्थ. ज्याला उघड रक्त दिसतंय त्याने या तपासणीची वाट न बघता थेट डॉक्टरांकडे जावं.

रंगावरूनही बरंच कळतं. डांबरासारखं काळं, चिकट, घाण वास येणारं शौच म्हणजे वरच्या भागात रक्तस्राव, ताबडतोब दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते डांबरासारखं चिकट नसतं. बीट खाल्लं की लालसर दिसतं, घाबरू नये. पांढरट, मातकट रंग आणि डोळे पिवळे म्हणजे पित्ताची वाट अडली आहे.

नमुना कसा द्यावा

इथं थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण निम्म्या तपासण्या डबीतच बिघडतात. स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या डबीत सुपारीएवढा नमुना पुरतो. लघवी किंवा पाणी त्यात मिसळता कामा नये. आधी लघवी करून घ्यावी आणि कागदावर किंवा वेगळ्या भांड्यात शौच करून तिथून चमच्याने घ्यावं. आव किंवा रक्त दिसत असेल तर तोच भाग घ्यावा. पातळ शौचात अमिबा शोधायचा असेल तर नमुना अर्ध्या-एक तासात सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा, नाहीतर जिवंत अमिबा मरून जातो आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. सुर्ल्याहून निघून वाटेत बाजार करत दुपारी प्रयोगशाळेत पोचलेली, स्कूटरच्या डिकीत तापलेली डबी काही उपयोगाची नाही. त्यापेक्षा सकाळीच केंद्रावर जाऊन तिथंच नमुना दिलेला बरा.

जंतांची अंडी रोज सारखी पडत नाहीत. एका नमुन्यात काही दिसलं नाही म्हणजे जंत नाहीत असं होत नाही. संशय असेल तर एक दिवसाआड तीन नमुने द्यायचे असतात. जंतूंच्या कल्चरसाठी नमुना अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्यावा.

जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचीही शौचातून तपासणी होते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1982 मध्ये हा जंतू वाढवून दाखवला. अल्सर केवळ तिखटाने किंवा काळजीने होतो ही समजूत त्यातून मोडली आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या तपासणीच्या आधी दोन आठवडे ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या आम्लपित्ताच्या गोळ्या आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारूनच. आपल्याकडे रोज सकाळी ‘अॅसिडिटीची गोळी’ चघळणारे कमी नाहीत. त्यांनी हे सांगितलं नाही तर रिपोर्ट चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो.

वारंवार जुलाब, पोटात कळ असणाऱ्यांसाठी कॅलप्रोटेक्टिन ही आणखी एक तपासणी आहे. आतड्याला खरोखर सूज आहे की नुसतं पोट नाजूक आहे, हे ठरवायला ती मदत करते. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांनीही हा आकडा वाढतो.

पोट आणि बाकीचं शरीर

पोटाचा डोक्याशी संबंध असतो याचं रोकडं उदाहरण यकृताच्या रुग्णात दिसतं. दारूने यकृत कामातून गेलेल्या माणसाला चार दिवस शौच झालं नाही की आतड्यात तयार होणारा अमोनिया रक्तात चढतो. तो असंबद्ध बोलतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. घरच्यांना वाटतं, काही लागलं असेल. डॉक्टर लॅक्टुलोज देतात, दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होऊ लागलं की पुष्कळ रुग्ण शुद्धीवर येतात. मोठ्या आतड्याच्या सुजेतून सांधे दुखणं आणि डोळे लाल होणं, हेही असंच जोडलेलं.

आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात. शरीरातल्या पेशींच्या दहापट, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. 2016 मध्ये नव्याने मोजदाद झाली तेव्हा जिवाणू सुमारे 38 लाख कोटी आणि पेशी 30 लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीत निघाले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भारतीयांच्या या जिवाणूंवर संशोधन चालतं. माणसाचं खाणं आणि गाव बदललं की जिवाणूंची जमातही बदलते, हे आता पक्कं आहे.

पण त्यावरून घरपोच किट विकणाऱ्यांनी मांडलेला बाजार वेगळाच आहे. हजारो रुपये घेऊन ‘तुमच्या आतड्याचा स्कोअर’ आणि सोबत प्रोबायोटिकची यादी पाठवतात. निरोगी माणसाच्या आतड्यात नेमके कोणते जिवाणू किती असावेत, याचा सर्वमान्य आकडाच अजून नाही, मग स्कोअर कशाचा? हे किट जंत दाखवायला नसतं आणि कर्करोगही वगळत नाही. तेच पैसे हिमोग्लोबिन, साधी मलतपासणी आणि डॉक्टरांच्या फीवर खर्च झाले तर निदान काही हाती लागेल.

खाण्याचं म्हणाल तर राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला दिवसाला सुमारे 30 ग्रॅम चोथ्याचा आहे. नाचणीची भाकरी, अळसांदे, तांबडी भाजी, केळफूल, फणसाची कुवल्याची भाजी यांतून तो भरून निघतो. मैद्याच्या पावातून नाही. आंबोळी, आंबील, पेज आपल्या घरात होतीच. त्या औषध नाहीत, पण पाव आणि बिस्किटांपेक्षा नक्कीच बऱ्या. दिवसाला तीन वेळा ते आठवड्याला तीन वेळा, यातलं कुठलंही प्रमाण निरोगी असू शकतं. रोज सकाळी ‘साफ’ व्हायलाच हवं म्हणून चूर्ण घेण्याची गरज नसते.

जायचं कुठे

साधी मलतपासणी डिचोली, साखळी, वाळपईच्या सरकारी आरोग्य केंद्रात विचारावी. दुर्बिणीच्या तपासणीसाठी बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. 1842 साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचं ते आजचं रूप, आणि सिंधुदुर्गातले रुग्णही पूर्वीपासून तिथंच जातात. गोव्याबाहेरच्यांना तिथं 2018 पासून शुल्क लागू आहे, म्हणून महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवून आधी योजनेच्या खिडकीवर चौकशी करावी. सोबत जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि शौच किती दिवसांपासून कसं आहे ते एका कागदावर लिहून न्यावं. गर्दीच्या ओपीडीत लाजून अर्धं राहून जातं, कागद मात्र सगळं सांगतो.