गिरडची टेकडी आणि नागद्वारची वाट : वर्धा परिसरातील सहकुटुंब पर्वतगमनाचा इतिहास

वर्धा जिल्ह्याला डोंगरांचा मुलूख म्हणून सहसा कोणी ओळखत नाही. कापसाची काळी जमीन, हिंगणघाट-पुलगावचा गिरणी व्यवसाय आणि सेवाग्रामचा आश्रम एवढ्यावरच त्याची ओळख बहुधा पुरी होते. उत्तरेस आर्वी-कारंजा भागात सातपुड्याचा एक फाटा शिरतो आणि त्याची काही माथी दोन हजार फुटांच्या आसपास पोचतात, ही गोष्ट शालेय भूगोलातही ओझरतीच येते. तथापि या सखल मुलखातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या डोंगर चढत आली आहेत, आणि तीही म्हातारी माणसे व कडेवरची पोरे यांच्यासह. 'गिरिभ्रमण' हा शब्द त्यांच्या बोलीत कधी नव्हता. शब्द नव्हता म्हणून क्रियाही नव्हती, असा समज मात्र नकळत रूढ झाला. त्या समजाची तपासणी करणे अगत्याचे आहे. कारण डोंगर-जंगलात कोणी पायी जावे व कोणी जाऊ नये याचे आजचे नियम त्याच समजाच्या छायेत तयार झाले आहेत.

हा समज रूढ होण्यास लिखित साधनांचे स्वरूपही कारणीभूत आहे. १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला व पुढच्याच वर्षी नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा बनविण्यात आला. त्याच १८६२ साली कॅप्टन जेम्स फॉरसाइथ हा अधिकारी पचमढीच्या पठारावर दाखल झाला आणि त्याने तेथे 'बायसन लॉज' हे घर उभारले. त्याचा मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर पचमढी म्हणजे प्रांतिक सरकारचे उन्हाळी ठाणे, हेच समीकरण दृढ झाले. साहेब घोड्यावर, मेमसाहेब डोलीत, सामान हमालांच्या पाठीवर, अशी ती पर्वतयात्रा असे. तिचा तपशील दप्तरांत, रोजनिशांत आणि छायाचित्रांत विपुल आहे. जो वर्ग खरोखर पायांनी डोंगर चढत होता त्याची दखल मात्र जत्रा, कर आणि पटकीची साथ एवढ्या मथळ्यांखालीच घेतली गेली. फॉरसाइथला महादेवाचे यात्रेकरू दिसले होते; ते त्याच्या ग्रंथात आहेतही. पण त्या वाटेला 'शोधून काढणारा' तो नव्हे, एवढे तरी त्यांच्या उपस्थितीवरून मान्य करावे लागते.

वर्धा जिल्ह्यापुरते पाहता या पायी परंपरेचे सर्वांत जुने ज्ञात केंद्र म्हणजे गिरड. पूर्वी हिंगणघाट तहसिलीत व आज समुद्रपूर तालुक्यात असलेल्या या गावाच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. मध्य प्रांतांच्या ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत या स्थानाची जी हकीकत येते ती थोडक्यात अशी : ख्वाजा शेख फरीद हे उत्तरेकडचे साधू. तीस वर्षे फकिरीत भटकून सुमारे १२४४ साली ते या टेकडीवर येऊन राहिले. दोन बंजारी व्यापाऱ्यांनी त्यांची थट्टा केली, तेव्हा त्यांच्या तांड्यावरील नारळ व इतर सगळा किराणा दगडाचा झाला. व्यापाऱ्यांनी क्षमा मागितली. बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. या प्रभावाने थक्क झालेले ते दोघे कायमचे बाबांच्या सेवेत राहिले, आणि टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच होत असे सांगतात. हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांतील भाविकांची तेथे सतत ये-जा असते, हेही त्या नोंदींत स्पष्ट आहे.

या कथेचा काळ काय? चिश्ती परंपरेतील सुप्रसिद्ध फरीदुद्दीन गंजशकर यांचे देहावसान पाकपट्टण येथे १२६५-६६ च्या सुमारास झाले, तेव्हा १२४४ हे वर्ष त्यांच्या हयातीत बसते. त्या वेळी देवगिरीवर यादव सिंघणाचे राज्य होते, आणि अलाउद्दीन खलजीची स्वारी (१२९६) अजून पन्नास वर्षे दूर होती. मात्र सनावळी जुळते एवढ्यावरून आगमन सिद्ध होत नाही. सूफी साधूंच्या नावाने त्यांच्या प्रत्यक्ष निवासापासून शेकडो कोस दूर स्थाने निर्माण झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. त्याच शतकात चक्रधरस्वामी विदर्भात पायी हिंडत होते, हे लक्षात घेता भटक्या सत्पुरुषाची कल्पना या भूमीस अपरिचित नव्हती, इतकेच म्हणता येईल.

कथेतील बंजारी मात्र तेराव्या शतकातील असण्याचा संभव कमी. बैलांच्या तांड्यावर धान्य, मीठ व किराणा वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे दख्खनमधील ठळक उल्लेख मोगलकालीन मोहिमांच्या संदर्भात, सतराव्या शतकाच्या आगेमागे आढळतात. यावरून कथेला सध्याचे रूप त्यानंतर केव्हातरी आले असावे. नारळ हा माल वर्ध्याच्या मातीतला नव्हे. तो किनाऱ्याकडून घाट चढून यायचा. ज्या टेकडीपाशी असा तांडा थबकल्याची आठवण राहते ती एखाद्या चालत्या वाटेवरच असली पाहिजे. साधू कोण होता या प्रश्नापेक्षा वाट कोणती होती हा प्रश्न गिरडच्या बाबतीत अधिक फलदायी आहे, आणि त्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे.

दगडांविषयी भूविज्ञानाचे म्हणणे वेगळे आहे, पण ते कथेपेक्षा कमी नवलाचे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थंड होताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. खडकांतून झिरपणाऱ्या खनिजयुक्त पाण्याने त्या पोकळ्या झिओलाइटसारख्या खनिजांनी हळूहळू भरल्या. भोवतालचा खडक झिजून माती झाला, की आतले हे गोटे सुटे होऊन उतारावर पसरतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५५ साली नागपूर परिसराच्या भूस्तरांवर व जीवाश्मांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर या भागाच्या खडकांचा शास्त्रीय विचार सुरू झाला. पण टेकडीवर चढणाऱ्या मुलांच्या हातात हे 'नारळ' आणि 'सुपाऱ्या' त्यापूर्वी कितीतरी आधी आलेले होते. आपल्या पायाखालचा दगड इतर दगडांसारखा नाही, त्याच्या आकारामागे काही घडले आहे, ही जाण त्यांना कथेने दिली. उत्तर चुकीचे असले तरी प्रश्न योग्य होता.

गिरडची चढण लहान आहे, आणि तिचे महत्त्वही त्यातच आहे. जे लेकरू घरापासून शेतापर्यंत चालू शकते ते ही टेकडी चढू शकते. नवस फेडणे, नैवेद्य, सावलीत एकत्र जेवण आणि दिवस मावळण्यापूर्वी परतीची गाडी, असा हा एका दिवसाचा व्यवहार होता. घरातील स्त्रियांना शेत आणि चूल यांच्याबाहेर, कोणाची परवानगी फारशी न मागता, उंचावर जाऊन आपला मुलूख पाहण्याची सोय यात होती. नवस या एका शब्दाने ती सहज पदरात पडे.

मोठी चढण सातपुड्यात होती. वर्धा-नागपूरच्या कुटुंबांची महादेवाची यात्रा दोन प्रसंगी घडते : महाशिवरात्रीस चौरागडावर आणि श्रावणात, नागपंचमीच्या सुमारास, नागद्वारला. छिंदवाडा जिल्ह्यात जुन्नारदेव येथे या यात्रेची 'पहिली पायरी' मानतात. शिखर अद्याप कित्येक कोस दूर असताना पायरी तेथेच सुरू होते, ही कल्पना विचार करण्याजोगी आहे. आणि हिंदी मुलखातील या स्थानाच्या नावातील 'पायरी' हा शब्द मराठी यात्रेकरूंच्या जुन्या वर्दळीची खूण मानण्यास हरकत नसावी. चौरागडावर नवसाचे त्रिशूळ खांद्यावरून वाहून नेतात. काही त्रिशूळ इतके जड असतात की ते आळीपाळीने न्यावे लागतात.

नागद्वारची वाट ऐन पावसाळ्यातली. काजरी, चिंतामणी, पद्मशेष, स्वर्गद्वार, गुप्तगंगा असे तिच्यावर एकामागून एक टप्पे आहेत. काजरीची कथा संततीची आहे : मूल व्हावे म्हणून एका स्त्रीने नागदेवाला काजळ घालण्याचा नवस केला, मूल झाले, आणि नवस फेडायला ती गेली तेव्हा नागाचे विराट रूप पाहून तिचे भान हरपले, नाग मग लहान झाला. मुलांच्या नवसाची वाट म्हटल्यावर मुलांना घेऊन जाणे हे ओघानेच आले. टप्प्यांची रचनाही कुटुंबाला सोयीची आहे. प्रत्येक अवघड चढाच्या आगेमागे एखादा देव बसलेला असतो. तेथे थांबण्यास लाज वाटत नाही, मागे राहिलेल्या आजीला गाठण्यास वेळ मिळतो, आणि रांगेचा वेग सर्वांत सशक्त माणसावरून न ठरता सर्वांत अशक्त माणसावरून ठरतो. महादेवाची गाणी म्हणत चालण्याचा उपयोगही काही प्रमाणात हाच : ज्याला गाताना दम लागतो त्याचा वेग जास्त झालेला असतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, वर्धा मुंबई राज्यात व पचमढी मध्य प्रदेशात गेली. एका प्रांतातील यात्रा दोन राज्यांची झाली. यात्रेकरूंनी तिची दखल घेतल्याचे दिसत नाही. अधिक मोठा फरक पडला तो वनविषयक कायद्यांनी. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगलातील विनापरवाना प्रवेश हा गुन्हा ठरविलेलाच होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २८ व्या कलमात अभयारण्यात प्रवेशाची परवानगी कोणत्या प्रयोजनांसाठी देता येईल हे नमूद झाले : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि अभयारण्यातील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार. या यादीत यात्रा नाही. असे असूनही १९८१ साली सातपुडा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, पुढे तेथे व्याघ्र प्रकल्प आला, आणि नागद्वारची वाट वर्षातून सुमारे दहा दिवस खुली होतच राहिली. त्या दिवसांत व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून सहकुटुंब पायी जाणारी माणसे एरवीच्या पर्यटकांहून कितीतरी अधिक असतात. प्लॅस्टिक, ओढ्यांची घाण आणि वाटेची धूप हे त्याचे दुष्परिणाम खरे आहेत व ते झाकण्यात अर्थ नाही.

खुद्द वर्धा जिल्ह्यात बोर अभयारण्य १९७० साली घोषित झाले व २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला त्या वेळी सुमारे १३८ चौरस किलोमीटर क्षेत्राचा हा प्रकल्प देशातील सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक होता. इतक्या अरुंद जंगलात वाघाच्या वाटेवर माणसांची वर्दळ नको, हे कारण सबळ आहे. तेथे येणारे कुटुंब प्रवेशशुल्क भरते, मार्गदर्शकासह वाहनात बसते आणि ठरलेल्या रस्त्याने फिरून ठरलेल्या वेळी बाहेर पडते. त्याच डोंगररांगेच्या बाजूस, कारंजा तालुक्यातील ढगा येथे महाशिवरात्रीस महादेवाच्या दर्शनाला येणारी कुटुंबे रानातून पायी चालतात, आणि गिरडच्या टेकडीवर तर चढणाऱ्याला कोणत्याही दिवशी तिकीट लागत नाही.