वाळूतली वाडी : बाबराचं खरबूज आणि बनासचं पात्र



गेले काही भाग आपण तह आणि लढायांवर बोललो. आज विषय वेगळा आहे. आज एका फळाबद्दल आणि ते ज्या जमिनीत पिकतं त्या जमिनीबद्दल बोलायचं आहे. फळ म्हणजे खरबूज आणि जमीन म्हणजे नदीची वाळू. जिला आपण जमीन म्हणायलाही तयार नसतो, ती.

खरबुजाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "खरबूज भारतात बाबरानं आणलं." मीही हे वाक्य अनेक वर्षं बोलत होतो. ते पूर्ण खोटं नाही. पण त्यात एक मोठा गट साफ वगळला जातो, आणि आजचा भाग त्या गटाविषयी आहे.

आधी बाबराचं म्हणणं ऐकू. एप्रिल 1526 मध्ये पानिपत जिंकून तो आग्र्याला आला. आपल्या आठवणींत त्यानं हिंदुस्थानच्या उणिवांची यादीच दिली आहे. इथे बर्फ नाही, चांगली द्राक्षं नाहीत, चांगली खरबुजं नाहीत. फरगण्यात जन्मलेला आणि काबूलमध्ये राज्य केलेला हा माणूस, त्याला फळांची आठवण छळत होती. 1529 च्या सुरुवातीला काबूलमधल्या ख्वाजा कलानला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की एक खरबूज कापून खाताना त्याला रडू आवरलं नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात चित्र बदललं. आग्र्याच्या हश्त बिहिश्त बागेत चांगली द्राक्षं लागली, आणि खरबुजं पिकवण्यासाठी नेमलेल्या बल्खच्या एका माळ्यानं लहान पण उत्तम खरबुजं आणून दिली. हिंदुस्थानातही हे होऊ शकतं, याचं बाबराला फार समाधान वाटलं. या माळ्याचा उल्लेख तो 'पालेजकार' असा करतो. पालेज म्हणजे खरबुजाची वाडी. माळ्याचं नाव मात्र तो देत नाही. हा तपशील लक्षात ठेवा.

आता बाबराच्या मागे जाऊ. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता ख्वारिझमच्या खरबुजांचं वर्णन करतो. फळाच्या फोडी करून उन्हात वाळवायच्या, टोपल्यांत भरायच्या आणि पार हिंदुस्थानापर्यंत पाठवायच्या. म्हणजे बाबराच्या दोनशे वर्षं आधीपासून मध्य आशियाच्या खरबुजाची चव इथल्या श्रीमंतांना माहीत होती, सुकवलेल्या रूपात का होईना.

आणखी मागे जाऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्ष, म्हणजे राजाच्या शेतीवरचा अधिकारी, त्याच्या कामांचं प्रकरण आहे. कोणत्या जमिनीत काय लावावं, हे तिथे सांगितलं आहे. जिथे पाण्याचा फेस येऊन आदळतो, अशी नदीकाठची जागा वेलींवरच्या फळांसाठी योग्य, असं तो ग्रंथ म्हणतो. ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहेत, पण बाबराच्या आधी हजारावर वर्षं तो लिहिला गेला, याबद्दल वाद नाही. नदी मागे हटली की तिनं मोकळ्या केलेल्या जागेत वेल लावायचे, ही जाण इतकी जुनी आहे.

आणि वेलही होते. कोकणातलं चिबूड, देशावरची शेंदाडं, उत्तरेकडची फूट, ही सगळी खरबुजाच्याच कुळातली. ती मध्य आशियातल्या खरबुजांसारखी मधुर नव्हती, एवढंच. म्हणून मी आता ते वाक्य बदलून घेतलं आहे. बाबरानं आणि त्याच्या वंशजांनी गोड वाण आणले, कुशल माळी आणले. अकबराच्या काळात इराण-तुराणचे बागाईतदार इथे स्थायिक झाले आणि खरबुजं-द्राक्षं मुबलक झाली, असं अबुल फजल लिहितो. पण राजाच्या बागेतलं फळ सामान्य माणसाच्या ताटात आणलं नदीच्या वाळूनं, आणि वाळू कशी कसायची हे इथल्या नदीकाठच्या लोकांना ठाऊक होतं.

हे मला पुस्तकात कळलं नाही. बनास नदीत कळलं.

वडिलांच्या नोकरीमुळे आमचं घर जयपूरला आलं आणि तिथेच राहिलं. जयपूरहून दक्षिणेला टोंक लागतं. आपल्या मंडळींना हे नाव ओळखीचं वाटायला हवं. यशवंतराव होळकरांचा साथीदार अमीर खान, त्याला टोंक मिळालं ते होळकरांकडून. पुढे 1817 च्या तहानं इंग्रजांनी त्याला तिथला नवाब म्हणून मान्यता दिली. म्हणजे या संस्थानाच्या जन्माशी मराठ्यांचा थेट संबंध आहे. पण राजस्थानात आजही टोंक म्हटलं की लोकांना नवाबाइतकीच खरबुजं आठवतात. लहानपणी उन्हाळ्यात आमची बस बनासच्या पुलाजवळ थांबायची आणि खिडकीतूनच तो वास यायचा.

मोठेपणी एका हिवाळ्यात मी मुद्दाम तिथे उतरलो. वाळूत कीर समाजातले एक म्हातारे गृहस्थ चर खणत होते. मी त्यांना बाबा म्हणू लागलो. ते मला साब म्हणत राहिले. त्यांनी जे दाखवलं ते सांगतो, कारण हलक्या जमिनीत बाग कशी करावी याचा तो उत्तम धडा आहे.

वाळूचे दोष आपल्याला पाठ असतात. पाणी टिकत नाही, खत टिकत नाही, वारा आला की उडते. बाबांनी मला तिचे गुण दाखवले. वाळू लवकर तापते, त्यामुळे थंडी सरता सरता वेल जोर धरतो. पाणी साचत नाही, त्यामुळे मुळं कुजत नाहीत. आणि मुख्य म्हणजे वरून कोरडी दिसली तरी हातभर खाली ती ओली असते, कारण नदी आटली तरी पात्राखालून वाहत असते.

म्हणून पहिलं काम म्हणजे चर खणून त्या ओलीपर्यंत पोहोचणं. मग चरात कुजलेलं शेणखत आणि पेंड घालायची. सगळ्या वाळूला नाही, फक्त वेलाच्या मुळाशी. वाळू अन्न धरून ठेवत नाही, म्हणून ते जिथे हवं तिथेच द्यायचं. बी भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, उबेला ठेवून मोड आणायचे आणि मगच लावायचं. सुरुवातीला मडक्यानं थोडं थोडं पाणी. एकदा मूळ खालच्या ओलीला लागलं की वेल स्वतःचं स्वतः पाहतो. वायव्येकडून येणारी थंडी आणि उडती वाळू अडवायला गवताच्या ताट्या रोवायच्या. वेल पसरू लागले की खाली तेच गवत अंथरायचं. वेलाला धरायला आधार मिळतो आणि तापलेल्या वाळूनं फळ भाजत नाही. चैत्र-वैशाखात कडक ऊन, कोरडी हवा आणि बेताचं पाणी, यामुळे फळात गोडी उतरते. भारी काळ्या जमिनीत पाण्यावर वाढवलेलं फळ मोठं दिसतं, पण अनेकदा पाणचट निघतं.

मी विचारलं, "बाबा, ही जमीन कुणाच्या नावावर?"

ते हसले. "नावावर काय असणार, साब? पावसात जाते, दिवाळीनंतर येते."

हे उत्तर मी विसरू शकलो नाही. पावसाळ्यात नदी सगळं पुसून नेते आणि नवा गाळ टाकून जाते. तोच पुढच्या वर्षीचा कस. पण दरवर्षी पुसली जाणारी शेती सातबाऱ्यावर कशी चढणार? इंग्रजांनी बंगाल इलाख्यासाठी 1825 मध्ये नदीनं दिलेल्या-नेलेल्या जमिनीचा कायदा केला. काठाला हळूहळू चिकटलेली जमीन काठाच्या मालकाची. मोठ्या, उतार नसलेल्या नदीत वर आलेलं बेट सरकारचं. स्थानिक चाल असेल तर तिला मान होता. पण वर्षातले सहा महिने वाळू कसणाऱ्याचा हक्क असा त्यातून उभा राहिला नाही. म्हणून ही बाग पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीनांची राहिली. गंगा-यमुनेवर मल्लाह आणि केवट, बनासवर कीर, आपल्याकडे भोई आणि ढिवर. विदर्भात नदीपात्रातल्या डांगरवाड्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. बाबराच्या पालेजकाराचं नाव वहीत नाही, तसंच यांचंही नाही.

नाव वहीत नसलं की काय होतं, ते गेल्या पंचवीस वर्षांत दिसलं. टोंकच्या वरच्या बाजूला बीसलपूर धरण झालं आणि खाली नदी पूर्वीसारखी येईनाशी झाली. पूर नाही तर नवा गाळ नाही, आणि वाळूखालची ओल खोल गेली. मग वाळूलाच भाव आला. राजस्थानात तिला बजरी म्हणतात. बांधकामासाठी ट्रक पात्रात उतरले. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यातल्या 82 पट्टेधारकांचा उपसा थांबवला. 2021 मध्ये अटींसह तो पुन्हा सुरू झाला. दिल्लीत यमुनेची गोष्ट निराळी. तिथे पाणीच इतकं घाण झालं की राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी 2015 मध्ये पूरक्षेत्रात खाण्याची पिकं घेण्यावर बंदी घातली. नदी घाण करणारे दुसरेच, वाडी गेली ती कसणाऱ्याची. धरणात जमीन बुडाली तर कागद दाखवून मोबदला मागता येतो. धरणाखाली वाळू कोरडी पडली तर दाखवायला कागदच नसतो.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जयपूरच्या माझ्या घरी नळाला येणारं पाणी बीसलपूरचं आहे. आमची इमारत उभी आहे ती बनासच्या बजरीवर. तेव्हा धरण नको, घरं नकोत, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि मी तसं म्हणतही नाही. लाखो लोकांची तहान खरी आहे. पण जी वाळू आम्ही 'पडीक' समजून वापरली, ती पडीक नव्हती. तिथे दोन हजार वर्षांची जाण कामाला लागलेली होती. तिची किंमत कुठल्याच हिशेबात धरली गेली नाही, कारण ती कुणाच्या नावावर नव्हती.

काही वर्षांनी मी पुन्हा त्या पुलाजवळ उतरलो. बाबा भेटले नाहीत. त्यांच्या वाडीची जागाही ओळखू आली नाही, तिथे खोल खड्डे होते. थोडं पुढे एका वळणावर मात्र गवताच्या ताट्यांची एक ओळ दिसली आणि तिच्या आडोशाला चार-सहा वेल. कुणीतरी पुन्हा ओलीपर्यंत खणलं होतं. पूर्वीपेक्षा बरंच खोल.

या उन्हाळ्यात खरबूज घ्याल तेव्हा विक्रेत्याला एवढंच विचारा : हे शेतातलं की नदीतलं? तुमच्या गावच्या नदीत कधी वाड्या होत्या का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. कुणाच्या वाड्या होत्या, तेही लिहा. नावासकट.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.