आईचे माहेरचे आडनाव

विसरलेला पासवर्ड 'परत मिळाला' असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः परत मिळते ते खाते; जुना शब्द गेला तो गेलाच. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना वापरता येईल अशी व्यवस्था उभारली. ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून परवलीचा शब्द आला. सर्वांचे शब्द एका यादीत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६२ साली ॲलन शेर या संशोधकाने संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून ती यादीच छापून घेतली! पुढे १९७९मध्ये रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी त्यावरील उपाय सविस्तर मांडला: मूळ शब्द ठेवूच नये, त्याचे उलट न फिरवता येणारे रूप तेवढे जपावे. अशा व्यवस्थेत पहारेकऱ्यालाच परवलीचा शब्द ठाऊक नसतो. मग तो परत देणार कोठून?

विसरणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी बँकांच्या वहिवाटीतला एक प्रश्न इंटरनेटवर आला: आईचे माहेरचे आडनाव कोणते? लग्नानंतर स्त्रीचे आडनाव पुसले जाते, म्हणून ते गुपित, हे त्यामागचे गृहीत. आमच्याकडे तर कित्येकींचे पाळण्यातले नावही बदलले जाई. आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेला उत्तर ठाऊक होते, तरी खाते उघडेना. 'दीक्षित' रोमन लिपीत एक्स घालून लिहिले होते की के-एस-एच, हे आठवेना. आत दिवंगत आईच्या मेल होत्या.

असे प्रश्न परक्याला सोपे आणि धन्याला अवघड ठरले. २००८मध्ये सारा पेलिन यांचे ईमेल खाते सर्वज्ञात चरित्रतपशिलांवरून फोडले गेले. २०१५मध्ये गूगलच्या अभ्यासकांना आढळले, की अमेरिकेतील ४० टक्के इंग्रजीभाषक वापरकर्त्यांना गरजेच्या वेळी स्वतःचीच उत्तरे आठवत नाहीत. २०१७मध्ये अमेरिकी मानकसंस्थेने पासवर्डविषयक नियमांतून असे प्रश्न वगळले. आता बहुधा मोबाइलवर येणारा अंक आपली साक्ष देतो.

यंत्राने तो प्रश्न सोडला, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच झाले. मात्र आईचे आडनाव कुलूप होण्याइतके अपरिचित कसे झाले, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.