तिरकमठ्याचा परवाना

पालघर स्टेशन मागे टाकून मनोरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात चढण सुरू होते. एका अंगाला काळदुर्गाचा डोंगर उभा राहतो, साग आणि ऐनाची झाडं रस्त्यावर झुकतात आणि वळणावर वाघोबाचं देऊळ येतं. या घाटाचं नावच वाघोबा खिंड. पट्टेरी वाघ इथल्या रानातून कधीच हद्दपार झाला, बिबट्या मात्र टिकून आहे. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या तीन जिल्ह्यांत वाघोबाच्या ठाण्यांची नोंद करणारा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशी दीडशे ठाणी मोजली आहेत. कुठे शेंदूर फासलेला दगड, कुठे लाकडी फळीवर कोरलेला वाघ आणि त्याच्या डोक्यावर सूर्य-चंद्र.

वारल्यांच्या लेखी वाघोबा म्हणजे रानाचा धनी. वर्षातून एकदा, वाघबारशीला, त्याचा मान त्याला द्यायचा; मग वर्षभर माणसाला नि गुराढोरांना त्याने सांभाळायचं, असा हा सौदा. रानात पाऊल टाकणाऱ्याला कुणाची तरी परवानगी लागते, ही कल्पना पालघरच्या डोंगरात वन खात्याने आणली, असं म्हणता येणार नाही. ती आधीपासून होतीच. पुढे बदलत गेला तो परवानगी देणारा.

वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी या इथल्या जमातींसाठी शिकार म्हणजे खेळ नव्हता आणि पोटापाण्याचा मुख्य धंदाही नव्हता. पावसाळ्यात नागली, वरई आणि भात. भाताची कापणी-झोडणी उरकली की रान. चैत्र-वैशाखात ओहोळ आटतात, पाण्याची डबकी मोजकीच उरतात, आणि जनावराला तिथे यावंच लागतं. त्या दिवसांत शिकाऱ्याची खरी अडचण सागाच्या वाळक्या पानांची असते. ताटाएवढं ते पान पायाखाली पापडासारखं मोडतं आणि त्या आवाजाने चितळ कान टवकारतं. तिरकमठा घेऊन जाणाऱ्याला सावजाच्या वीस-पंचवीस पावलांपर्यंत पोचावं लागतं. बंदूकवाल्याला शंभर पावलांवरून जमतं ते त्याला जमत नाही. म्हणून वारा कुठून येतोय, खूर किती वेळापूर्वी उमटलाय, लेंडी ओली की सुकी, याचा हिशेब आधी. बाण सुटतो तो अगदी शेवटी.

हत्यार साधंच. चिवट बांबूची कांब तासून केलेलं धनुष्य. दोरीलाही पुष्कळदा बांबूचीच साल. बाणाचं फाळ लोखंडी. पाखरांसाठी मात्र बोथट टोकाचा बाण, म्हणजे पीस न फाटता पाखरू खाली येतं. कातकरी पोरांच्या हाती गलोल असे. मोठ्या सावजासाठी गावच्या गाव निघे. काहींनी हाका घालायचा, काहींनी वाटा अडवून बसायचं. ससा आणि रानकोंबडी एकट्यादुकट्याची. भेकर, रानडुक्कर, सांबर चौघांचं.

हे सारं ज्या भिंतींवर उमटलं त्या आज जगाला ठाऊक आहेत. लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर चौक लिहायचा, त्यात पालघाट देवी मांडायची, आणि चौकाबाहेर मग रान मोकळं: ताडावर चढणारा माणूस, जाळ्यातली मासळी, तारप्याभोवतीचा फेर, आणि कुठेतरी कोपऱ्यात धनुष्य ताणून उभा असलेला शिकारी. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाचं पीठ, त्यात डिंकाचं पाणी. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचं धड झालं. त्या धडाला किंचित मागे झुकवलं की धनुष्य ओढल्याचा ताण दिसतो. हे काम बायकांचं. लग्नाबाहेर, कागदावर नि कापडावर ते नेलं डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवरचा तो शिकारी देशोदेशी हिंडला. खऱ्या शिकाऱ्याची वाट मात्र गावाच्या शिवेवरच अडली होती.

ती अडण्याची सुरुवात दिसते १८७८ मध्ये. त्या एकाच वर्षी दोन कायदे आले. वन कायद्याने जंगलांचे राखीव आणि संरक्षित असे भाग पाडले. राखीव रानात मुभा दिल्याशिवाय काहीच करता येईना. दुसरा शस्त्र कायदा. त्यात ‘शस्त्र’ शब्दाची व्याख्या करताना बंदुका, तलवारी, भाल्यांसोबत धनुष्य-बाणही घातले होते. बांबूची एक कांब आणि चार बाण, पण साम्राज्याच्या कागदावर त्यांची रांग संगिनीसोबत लागली.

वन कायद्याचा घाव शिकारीपेक्षा शेतीला जास्त बसला. भाताचं रोप टाकण्याआधी फांद्या आणि पाला जाळून राब भाजायचा ही इथली रीत. फांदी तोडण्यावरच बंधन आल्यावर ओरड झाली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतला असंतोष एवढा वाढला की सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाविषयी निदान बोललं तरी गेलं. तिरकमठ्याची बाजू मांडणारं फारसं कुणी नव्हतं.

याच काळात या रानात वेगळे शिकारी येऊ लागले. १८६४ मध्ये मुंबई-सुरत रेल्वे पुरी झाली आणि मुंबईच्या साहेबाला पालघरचं रान काही तासांवर आलं. आधी अर्ज, मग वन खात्याची परवानगी, मग सामानसुमान, तंबू, बैलगाडी आणि गावातून गोळा केलेले हाकारे. जनावर कुठे उतरतं हे सांगणारा वाटाड्या अर्थातच तिथलाच एखादा माणूस. त्याने माग काढायचा, साहेबाने मचाणावर बसायचं. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात अशा शिकारी मंडळींची टिपणं भरभरून छापून येत. त्यातून निसर्गशास्त्राला मोलाची माहिती मिळाली यात शंका नाही. पण ज्याच्या डोळ्यांनी माग दिसला त्याचं नाव बहुधा टिपणात नसे.

शिकारीची सहल आखायची तर हद्दी पाहाव्या लागतात, आणि हद्दींच्या बाबतीत हा टापू अजब होता. तारापूर, माहीम, पालघर, डहाणू ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात. मधोमध, चहूबाजूंनी त्याच जिल्ह्याने वेढलेलं, मुकणे घराण्याचं जव्हार संस्थान: जेमतेम ३१० चौरस मैल, पण बरंचसं रानच. उत्तरेला नगर हवेली, १७८३ पासून पोर्तुगीजांकडे. सांबराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सकाळी ब्रिटिश हद्दीत चरून ते दुपारी संस्थानात जाई, आणि पाठीवर असलेल्या माणसाचा गुन्हा ओढ्यागणिक बदलत असे. वारल्यांची सोयरीक या सगळ्या हद्दींपलीकडे पसरलेली. जव्हार १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, १९५४ मध्ये नगर हवेलीतून पोर्तुगीज गेले, म्हणजे हद्दी पुसल्या असं वाटावं, तर १ मे १९६० रोजी नवी आखली गेली. उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेल्या गावांचा तलासरी झाला. मामाचं घर परराज्यात गेलं.

हद्दीवरच्या या गोंधळाहून मोठी गोष्ट मधल्या काळात घडली. सावकार आणि जमीनदारांच्या वेठबिगारीत वारली किती पिचला आहे याचा अहवाल डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या सुमारास सरकारला दिला होता. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांनी सभा घेऊन वेठ नाकारली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगडसह पाच जण गेले. या लढ्याची गोष्ट गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली. मजुरीचा दर आणि वेठीतून सुटका या मागण्यांपुढे शिकारीचा हक्क कुणाच्या ओठावर येणं शक्यच नव्हतं. माणूस म्हणून जगण्याचा प्रश्न आधी होता.

याच्या काही दशकं आधीपासून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला धनुष्याची कहाणी उलट्या दिशेने चालली होती. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात एक उपाशी, एकटा माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीतला तो शेवटचा. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांनी संपवले होते. त्याने स्वतःचं नाव सांगितलं नाही, म्हणून त्याच्याच भाषेतला ‘माणूस’ हा शब्द, इशी, त्याला चिकटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहत असताना सॅक्स्टन पोप या शल्यवैद्याशी त्याची गट्टी जमली. धनुष्य कसं घडवायचं, हरणाच्या जवळ कसं सरकायचं हे त्याने डॉक्टरला शिकवलं. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. पोपने १९२३ मध्ये धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि हौशी तिरंदाजांची एक पिढी तयार झाली. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी धनुष्यवाल्यांचा खास हंगाम सुरू केला. मग एकेक राज्य करत हा हंगाम देशभर रुळला.

आज तिथला माणूस खेचरासारख्या मोठ्या कानांच्या ‘म्यूल डिअर’साठी परराज्यात जायचं ठरवतो, तेव्हा महिनोन्‌महिने आधी अर्ज करतो. बाहेरच्यांसाठी परवाने मोजके, फी स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त, बऱ्याच ठिकाणी सोडत. नशीब लागलं तर नकाशे उघडायचे, कारण एका केंद्रीय भूव्यवस्थापन खात्याकडेच सुमारे साडेचोवीस कोटी एकर सार्वजनिक जमीन आहे आणि तिच्या बऱ्याचशा भागात परवानाधारक शिकाऱ्याला पायी शिरता येतं. म्हणजे तिथे विद्या शिकवणारा संपला आणि परवाना मात्र उरला.

पालघरात नेमकं उलटं झालं: विद्या असलेला माणूस होता, परवाना त्याच्यासाठी कधी आलाच नाही. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणासाठी स्वतःचा कायदा केला. मग १९७२ चा केंद्रीय वन्यजीव कायदा. आज ऐकून आश्चर्य वाटेल, पण त्या कायद्याच्या मूळ रूपात शिकारीचे परवाने होते: खास सावजं, मोठी सावजं, लहान सावजं अशा पायऱ्यांनी. या परवान्यासाठी अर्ज, फी आणि नोंदवही लागे. पाड्यावरच्या माणसाला यातलं काय जमणार? १९९१ च्या दुरुस्तीने हे परवानेच बंद केले, आणि साहेबी वारशाची शिकार नि पाड्यावरची शिकार एकाच वेळी गुन्हा ठरली. जंगल झपाट्याने तुटत होतं, सावजं संपत होती. बंदी आवश्यकच होती. मात्र रान कुणी संपवलं, याचा हिशेब मांडताना तिरकमठा आणि आगगाडीचे स्लीपर एका रकान्यात बसत नाहीत.

या कायद्याने एक अपवाद ठेवला आहे. निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींना दिलेल्या शिकारीच्या हक्कांना त्याने हात लावलेला नाही. पुढे २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. कसत्या जमिनीचा दावा, गौण वनोपजावरची मालकी, सामूहिक रानाचं व्यवस्थापन, एवढं सारं त्याने दिलं. पूर्वापार चालत आलेल्या इतर हक्कांनाही मान्यता दिली आणि त्याच वाक्यात पुढे शिकारीचा, सापळे लावण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

इकडे किनारपट्टीचा चेहरा पालटला. १९६९ मध्ये तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झालं, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली आणि डोंगरपट्टीतली तरुण पोरं सकाळी कारखान्यांच्या पाळीला निघू लागली. पूर्वेच्या पाड्यांतून अजूनही एखाद्या घरात आढ्याला खोचलेला तिरकमठा दिसतो. दोरी सैल पडलेली, बांबूवर धुराची काजळी. लग्नाच्या चौकाबाहेर शिकारी अजून काढला जातो. कॅनव्हासवरचा तर हातोहात विकला जातो.

आणि अश्विनातल्या वद्य बारशीला दगडावर पुन्हा शेंदूर चढतो. कोंबडं, नारळ, तांदूळ, ज्याला जे जमेल ते. भगत वाघोबाशी बोलतो, गुरांसाठी, पोरांसाठी, रानातून सरपण आणायला जाणाऱ्या बायकांसाठी मागणं मागतो. खालून मनोरकडे जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न वाजतो, मागणं क्षणभर थांबतं, मग पुढे चालू होतं.