'कमांड नॉट फाउंड' का येतं? संगणक पाथ कसा वाचतो

टर्मिनलमध्ये एखाद्या प्रोग्रामचं नाव लिहून एंटर दाबलं की तो सुरू होतो. तो डिस्कवर नेमका कुठे आहे, हे मात्र आपण सांगितलेलंच नसतं. संगणक त्यासाठी अख्खी डिस्क धुंडाळत नाही. 'पाथ' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जे फोल्डर लिहिलेले असतात, तेवढेच तो लिहिलेल्या क्रमाने तपासतो. प्रोग्राम मिळाला की शोध तिथेच थांबतो. शेवटपर्यंत मिळाला नाही, तर 'कमांड नॉट फाउंड'.

समजा, विजयदुर्ग बंदरातल्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा 'भरती' हा छोटा प्रोग्राम कुणी लिहिला आणि 'विजयदुर्ग' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला. त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता पाथमध्ये घातला, की कुठूनही नुसतं 'भरती' लिहून तो चालतो. पण पाथमध्ये आधी येणाऱ्या फोल्डरमध्ये याच नावाचा दुसरा प्रोग्राम असेल, तर चालणार तो दुसराच. नवी आवृत्ती टाकूनही जुनीच का उघडते, याचं कारण बहुतेकदा हेच असतं. कोणती फाइल चालणार आहे हे लिनक्सवर 'व्हिच' आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'व्हेअर' ही कमांड दाखवते.

लिनक्समध्ये ही शोधाशोध कर्नल करत नाही. त्याला थेट फाइलचा पत्ताच लागतो. पाथचे तुकडे पाडण्याचं काम शेल किंवा सी लायब्ररी करते.

विसर्ग की कोलन?

१९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून पाथमधले फोल्डर कोलनने वेगळे केले जातात. लिनक्स आणि मॅकमध्येही तेच. मग देवनागरी नावाने गोंधळ होत नाही का? नाही. यूटीएफ-८ मध्ये 'विजयदुर्ग' या नावात ९ चिन्हं आणि २७ बाइट असतात, आणि त्यातल्या प्रत्येक बाइटची किंमत १२७ पेक्षा जास्त असते. कोलनची किंमत ५८, तिरप्या रेषेची ४७. त्यामुळे देवनागरी अक्षराच्या पोटात चुकूनही कोलन सापडत नाही.

खरी अडचण आपल्या टायपिंगच्या सवयीत आहे. 'निःशुल्क' लिहिताना अनेक जण विसर्गाऐवजी सरळ कोलन टाइप करतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण लिनक्सवर अशा नावाचा फोल्डर पाथमध्ये घातला की त्याचे दोन तुकडे होतात: एक 'नि' वर संपणारा आणि दुसरा नुसता 'शुल्क'. हा दुसरा तुकडा तर आपण ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत, तिथे शोधला जातो. हा कोलन नावाचाच भाग आहे, असं पाथला सांगायची सोयच नाही. फोल्डरचं नाव बदलणं हाच उपाय.

याहून धोकादायक आहे ती रिकामी जागा. दोन कोलन लागोपाठ आले, किंवा सुरुवातीला वा शेवटी एखादा कोलन उरला, तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ 'सध्याचा फोल्डर' असा घेतला जातो. डाउनलोड केलेल्या फोल्डरमध्ये कुणी नेहमीच्या कमांडच्या नावाची घातक फाइल ठेवली असेल, तर ती चालू शकते. कोलन सुरुवातीला असेल, तर खऱ्या कमांडच्याही आधी.

विंडोजचे नियम

विंडोजमध्ये कोलन ड्राइव्हच्या अक्षरानंतर येतो, म्हणून इथे फोल्डर अर्धविरामाने वेगळे होतात. आधी सिस्टिमचा पाथ, त्याच्यामागे वापरकर्त्याचा. नावाला एक्स्टेन्शन दिलं नसेल, तर 'पाथएक्स्ट' या व्हेरिएबलमधली एक्स्टेन्शन एकेक करून लावून पाहिली जातात. कमांड प्रॉम्प्ट मात्र पाथकडे वळण्याआधी, न सांगताच, सध्याचा फोल्डर तपासतो. पॉवरशेल तसं करत नाही.

पाथ बदलायला बरेच जण 'सेटएक्स' ही कमांड वापरतात. ती १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते, आणि कापलेला पाथच कायमचा साठवला जातो. लांबलचक पाथ असेल तर सेटिंग्जमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीतून बदल करणं बरं, आणि त्याआधी जुना पाथ कुठेतरी कॉपी करून ठेवलेला असावा.