ही काय भाकर झाली?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये पंधरा दिवस लेकीकडे नाशिकला जाऊन आलो. लोह्याहून नाशिक म्हणजे अख्खा मराठवाडा ओलांडून जायचं. या वयात एसटीचा तो प्रवास हाडांना कळतो. पण नात यंदा दहावीला होती. ती म्हणाली, "आजोबा, परीक्षेआधी एकदा येऊन जा." मग कसली हाडं आणि कसलं काय!

एका रविवारी जावईबापूंनी सगळ्यांना गिरणाऱ्याच्या बाजूला जेवायला नेलं. गंगापूर धरणाच्या त्या भागात द्राक्षांच्या बागाच बागा आहेत. त्यातल्या एका बागेत, घराच्या ओसरीत सहा टेबलं मांडून एक कुटुंब लोकांना जेवू घालतं. मुलगा टेबलं बघतो, हॉटेलचं शिक्षण घेतलेली सून स्वयंपाकघर सांभाळते आणि सासूबाई मागच्या चुलीवर भाकरी थापतात. नातीनं गाडीतच बजावलं होतं, "आजोबा, हे फ्यूजन आहे हं!" फ्यूजन म्हणजे काय, तर दोन मुलखांचे पदार्थ एका ताटात. आमच्याकडं बाहेर खाणं म्हणजे स्टँडवरची भजी, फार तर माळेगावच्या जत्रेतली गोडीशेव. त्यामुळे मी निमूट मान हलवली.

जावईबापूंनी माझ्याकडं बघत बघत वाइनचा पेला पाण्याच्या जगाआड ठेवला. म्हटलं, "घ्या हो, आता मी कुणाची शाळा घेत नाही." मी स्वतः द्राक्षाचा रस घेतला. मग पदार्थ आले. पहिला होता ज्वारीच्या कण्यांचा रिसोटो. रिसोटो म्हणजे इटलीतला मऊ भात, इथं तांदळाच्या जागी कण्या. त्यामागून भाकरी आली. तिच्यावर चीज, ठेचा आणि भाजलेले टोमॅटो, आणि वर तिचे चार तुकडे केलेले. किंमत २८० रुपये.

मी एक तुकडा उचलून बघितला आणि तोंडून निघून गेलं, "ही काय भाकर झाली?"

चौतीस वर्षं वर्गात शिकवल्यामुळे माझा आवाज हळू निघतच नाही. मागं चुलीपाशी बसलेल्या बाईंचा थापता हात थांबला. लेकीनं डोळे वटारले. आणि मी मात्र वेगळ्याच कारणानं गप्प झालो. हेच शब्द मी आयुष्यात यापूर्वी एकदा बोललो होतो. ते कधी, ते पुढं सांगतो.

नातीला तेवढ्यात चेव आला. म्हणाली, "मग आजोबा, या ताटातलं आपलं काय काय आहे ते सांगा ना." इतिहासाच्या मास्तरला असा प्रश्न टाकल्यावर तो सोडतो होय? तिथं अर्धवट उत्तर दिलं, पुरतं इथं देतो.

ठेच्यापासून सुरुवात करू. ठेचा म्हणजे आपला जीव की प्राण. पण मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि मग देशावर चढली. त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरे. मिरचीचं नावसुद्धा त्या मिऱ्यावरूनच पडलं. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी महाराष्ट्रात ठेचा नव्हता! ठेच्यात घालतो तो शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. टोमॅटो तिकडचाच. बटाटाही तिकडचा आणि त्याचा शब्द पोर्तुगीजांचा. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोही तिकडचाच. एकादशीला आपण 'शुद्ध' म्हणून जे ताट वाढून घेतो, त्यातला अर्धा ऐवज कोलंबसाच्या आधी या देशात कुणी पाहिलेला नव्हता.

आता द्राक्ष. नाशिककरांना वाटतं द्राक्ष त्यांचंच. पण आमच्या मराठवाड्याचा दावा जुना आहे! महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, हे मी पोरांना दरवर्षी शिकवायचो. त्याच तुघलकाच्या पदरी राहिलेला इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी. त्यानं लिहून ठेवलंय की दौलताबादेत द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. तुघलकाची राजधानी परत गेली, पण लोकांची जीभ मागं राहिली. छत्रपती संभाजीनगरात आजही नान-खलिया मिळतो आणि त्याची कूळकथा लोक तुघलकाच्या लष्करी भटारखान्यापाशी नेतात.

आणि वाइन? तीही काल आलेली नाही. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं समुद्रव्यापाराचं टिपण लिहिलं. आपल्या पैठणचा आणि तगरचा, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचा, माल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायचा असं त्यात आहे. त्याच भडोचला इटलीची दारू उतरायची हेही त्यात आहे. नेवाशाच्या उत्खननात तर ज्या निमुळत्या रोमन कुंभांतून ती यायची त्यांचे तुकडे निघाले. आमचं कापड तिकडं, त्यांची दारू इकडं, असा तो व्यवहार!

आताच्या काळात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं १९८० च्या दशकात फेसाळत्या वाइनचा कारखाना उभा केला. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूर व पलूसला वाइन पार्क काढले. वाइनचं द्राक्ष वेगळं असतं, बारीक आणि बियांचं. शिराझ, शेनिन ब्लांक या जाती मूळच्या फ्रान्सच्या. खायचं द्राक्ष म्हणाल तर 'थॉमसन सीडलेस'. मूळ पश्चिम आशियातलं, कॅलिफोर्नियात थॉमसन नावाच्या माणसाच्या बागेत नाव लागलं आणि ते घेऊन आपल्याकडं आलं. त्यातूनच निवड करून आपल्या शेतकऱ्यांनी तास-ए-गणेश आणि सोनाका काढले.

नात हसून म्हणाली, "म्हणजे फक्त भाकरी आपली!"

इथं मला थांबावं लागलं. कारण ज्वारीसुद्धा बाहेरचीच आहे. तिचं मूळ आफ्रिकेत, सुदानच्या बाजूला. तिथून ती हिंदुस्थानात येऊन जवळजवळ चार हजार वर्षं झाली. एवढ्या काळात ती आपली झाली, इतकी की मराठवाड्यातला माणूस 'जेवलास का' विचारण्याऐवजी 'भाकर खाल्ली का' असं विचारतो. ही ज्वारी पुढं आफ्रिकेतून अमेरिकेतही गेली. तिथं तिच्या लालसर दाण्याच्या जातीला 'मिलो' म्हणतात आणि ती मुख्यतः जनावरांना घालतात.

माझ्या वयाच्या मंडळींना मी आता कुठं चाललोय ते कळलं असेल.

१९७२ चा दुष्काळ. त्याआधीची दोन वर्षंही पावसानं हात आखडलेलाच होता. मी बी.ए. होऊन घरी बसलेलो, बावीस वर्षांचा. नोकरी नाही, रानात पीक नाही. सरकारनं जागोजागी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्यात मीही होतो, खडी फोडायला. पदवी ट्रंकेत आणि हातात हातोडी. कामावर लेकराबाळांना सुकडी मिळायची, आणि कंट्रोलच्या दुकानात मिळायचा अमेरिकेहून आलेला मिलो.

ज्यांनी ती भाकर खाल्ली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. लाल तांबूस रंग, एक उग्र वास. पिठाला चिकटपणा म्हणून नाही, थापायला गेलं की कडा फाटायच्या. माझी माय उकळतं पाणी घालून मळायची, घरात उरलेलं मूठभर दुसरं पीठ असेल तर त्यात मिसळायची. लोक म्हणायचे, अमेरिकेत हे डुकरं खातात. तो अपमान भाकरीबरोबर गिळावा लागायचा.

एका रात्री कामावरून आलो. हाताला फोड आले होते. मुकादमाशी वाजलं होतं. मायनं ताट पुढं ठेवलं. मी भाकर मोडली, ती भुगाच झाली. मी ताट सरकवलं आणि म्हणालो, "ही काय भाकर झाली?"

माय एवढंच म्हणाली, "पोटात गेली की झाली भाकर, लेका." मी उठलो आणि पाठ करून झोपलो. सकाळी तोच भुगा तिनं तिखट-मीठ आणि तेलाचा थेंब लावून फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. घरात भाकरी मोजून व्हायच्या. मी न खाल्लेली भाकर सकाळपर्यंत जशीच्या तशी राहिली होती, म्हणजे तिनंही तिला हात लावला नव्हता. मग ती रात्री काय जेवली? तेव्हा मी विचारलं नाही. पुढं शाळेत लागलो, घरात गहू आला, तांदूळ आला. ती १९९१ साली गेली. विचारायचं ते राहूनच गेलं.

तर सांगायचा मुद्दा असा. माझी माय जे करत होती तेसुद्धा फ्यूजनच होतं. आफ्रिकेचं बी, अमेरिकेचं पीक, पोर्तुगीजांची मिरची आणि लोह्याचा तवा. त्या ताटाला कुणी नाव दिलं नाही, कारण ते नाइलाजाचं होतं. गिरणाऱ्याचं ताट हौसेचं आहे, म्हणून त्याला नाव आहे आणि किंमतही आहे. २०२३ हे वर्ष जगानं भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, आपल्या सरकारनं ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' म्हटलं. चांगलंच झालं. पण माणसांनी ताटं मिसळली ती निम्मी हौसेनं आणि निम्मी भुकेनं, आणि आपण इतिहासात फक्त हौसेची नोंद ठेवतो. मीही वर्गात तुघलक शिकवला. मिलो एकदाही शिकवला नाही. लाज वाटायची.

हे सगळं नातीला सांगताना माझा आवाज पहिल्यांदाच हळू झाला असावा. ती काही बोलली नाही.

मी उठून मागं चुलीपाशी गेलो. त्या बाईंना म्हटलं, "ताई, मघाशी मोठ्यानं बोललो, मनावर घेऊ नका." त्या माझ्याच वयाच्या. हसून म्हणाल्या, "गुरुजी, सुनेनं पहिल्यांदा चीज लावलं तवा मी बी हेच बोलले." मग कळलं, त्यांचं माहेर सिन्नरकडचं, दुष्काळी भाग. मी विचारलं, "मिलो आठवतो?" त्यांनी परातीतला हात थांबवला. "आठवतो म्हंजे! आमची आई थापताना रडायची." दोन वर्षांपूर्वी अवकाळीनं त्यांची तोडणीला आलेली बाग गेली होती. कर्ज डोक्यावर. तेव्हा सुनेनं ओसरीत ही टेबलं मांडली. म्हणजे इथली हौसही पुरती हौस नव्हती!

त्यांनी तव्यावरची गरम भाकर माझ्या हातावर ठेवली. विचारलं, "चीज लावू का साधीच देऊ?"

मी म्हटलं, "दोन्ही द्या."

टेबलावरचा तो तुकडाही मी येऊन संपवला. चांगला होता. ठेचा मात्र आमच्याकडचा जास्त झणझणीत, हे मी नातीला सांगितलंच.

असो. तिचे पेपर चांगले गेले असं लेकीनं फोनवर कळवलंय. तुमच्यापैकी कुणी मिलोची भाकर खाल्ली असेल तर घरातल्या लेकराबाळांना एकदा सांगून ठेवा. पुस्तकात ते फारसं सापडायचं नाही.