पडदा पडल्यावरचा अंक

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. घरोघर पाहुणे उतरतात, आणि रात्री नाटक ठरलेलेच असते. हे नाटक म्हणजे पुण्या-मुंबईच्या वाचकांना परिचित असलेला तीन तासांचा खेळ नव्हे. आमचे नाटक जेवणे आटोपल्यावर सावकाश उभे राहते आणि कोंबडा आरवेपर्यंत चालते. वडशाला मुक्काम ठोकून बसलेल्या मंडळ्या होळीपर्यंत अशाच गावोगाव हिंडत असतात. चिमूरच्या आसपासच्या अशा कितीतरी मंडया मी मास्तरकीच्या निमित्ताने आणि मास्तरकी चुकवूनही पाहिल्या आहेत.

पडदा वर जाण्याआधी बराच वेळ रिकामा असतो. थंडी पडलेली असते, कानांना मफलर गुंडाळलेले असतात, आणि मंडळी बोलत असतात ती नटांविषयी. त्यातही जिवंत नटांविषयी थोडे आणि मेलेल्या नटांविषयी फार. डॉक्टर काशिनाथ घाणेकर संभाजीच्या वेषात, ऐन रंगमंचावर कोसळले आणि तिथेच गेले, ही हकीगत मी निरनिराळ्या गावी निदान चार जणांच्या तोंडून ऐकली आहे. प्रत्येकाच्या ओळखीचे कोणीतरी त्या खेळाला हजर होते! स्वतः सांगणारा मात्र कधीच हजर नव्हता. घाणेकर २ मार्च १९८६ रोजी अमरावतीला हृदयविकाराने गेले, एवढे खरे. अमरावती म्हणजे आमच्या वऱ्हाडातले गाव, म्हणून ही कथा आमच्याकडे अधिक मुरली असावी. संभाजीचा जिरेटोप मात्र लोकांनी त्यांच्या डोक्यावर मागाहून चढवला. 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाटक १९६२ साली आले आणि त्यातला संभाजी घाणेकरांना असा चिकटला की, मरतेसमयीही लोकांनी तो उतरू दिला नाही. दाढांचा वैद्य असलेला एक गृहस्थ पन्नाशी उलटल्यावर हृदय बंद पडून गेला, हे मंडईच्या रात्री सांगण्याजोगे नाही, हे मलाही कळते.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे माझाही धंदा थापांचाच. त्यामुळे लोकांच्या या रचनेकडे मी थोड्या व्यावसायिक मत्सराने पाहतो. नट मेला की लोक त्याला एक शेवटचा अंक लिहून देतात, आणि तो त्याच्याच भूमिकांच्या कापडातून बेततात. ही खोड आपलीच आहे असे कोणी समजू नये.

फ्रान्समधला नाटककार आणि नट मोलिएर याची गोष्ट घ्या. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी पॅरिसमध्ये तो आपल्याच नाटकात काम करीत होता. भूमिका होती स्वतःला उगाच आजारी समजणाऱ्या माणसाची, आणि काम करणारा खरोखरच आजारी होता. छातीचा विकार होता. त्या नाटकाचा तो चौथा प्रयोग. शेवटच्या प्रवेशात त्याला झटका आला. त्याने तो हसण्यावारी नेला, खेळ पुरा केला, आणि मग त्याला घरी नेले. काही तासांनी तो घरी, अंथरुणावर गेला. पण साडेतीनशे वर्षे जग सांगते आहे की मोलिएर रंगमंचावरच मेला. ज्या खुर्चीत बसून त्याने ते काम केले ती तिथल्या नाट्यसंस्थेने आजतागायत जपून ठेवली आहे, आणि ती पाहणाऱ्यांना तो त्याच खुर्चीत गेला असे वाटते. या कथेच्या गोंगाटात मागे पडते ती पुढची हकीगत. त्या काळी तिकडे नटाला धर्मविधीने मूठमाती मिळत नसे. खुद्द राजाने शब्द टाकला तेव्हा कुठे त्याला रात्रीच्या अंधारात पुरण्याची परवानगी मिळाली. मला विचाराल तर नाटक इथे आहे.

मोलिएरच्या कथेला निदान खऱ्याचे बूड तरी आहे. मॅकबेथ नाटकाची कथा तर साफ कागदावर जन्मली. शेक्सपियरचे हे नाटक शापित आहे, त्याच्या पहिल्याच प्रयोगाच्या वेळी लेडी मॅकबेथचे काम करणारा हॅल बेरिज नावाचा पोर मरण पावला, असे इंग्रज नटमंडळी पिढ्यान् पिढ्या सांगत आली. तपास केला तेव्हा निघाले काय? मॅक्स बीअरबोम नावाच्या एका खट्याळ टीकाकाराने १८९८ साली ही हकीगत लिहिली होती आणि ती सतराव्या शतकातल्या ऑब्रे या चरित्रकाराच्या नावावर खपवली होती. ऑब्रेच्या लिखाणात ती कुठेच नाही. मेलेला पोर मुळात जन्मलाच नव्हता! तरी त्याच्या भीतीने आजही कित्येक नट नाटकगृहात त्या नाटकाचे नाव उच्चारीत नाहीत.

आता आपल्या घरी येऊ.

केशवराव भोसले ४ ऑक्टोबर १९२१ रोजी गेले. वय अवघे एकतीस. त्याआधी तीनच महिने, ८ जुलैला, मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले होते. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन राजे एका पडद्याखाली उभे राहिले. त्या रात्रीची वर्णने आजही मराठी माणूस आपण तिथे होतो अशा थाटात करतो. आमच्या घरी आजोबा केशवरावांची गोष्ट सांगत तेव्हा जुलै आणि ऑक्टोबर यांच्यामध्ये श्वासही घेत नसत. "असं गायला, असं गायला, आणि दृष्ट लागली." कोणाची दृष्ट, हे ते सांगत नसत, पण ऐकणाऱ्याने मनात एक नाव घ्यावे अशी त्या वाक्याची ठेवण होती. केशवरावांना झाला होता विषमज्वर, म्हणजे टायफॉइड. १९२१ साली त्यावर औषध नव्हते. ते हाती यायला १९४८ साल उजाडावे लागले. तोवर विषमज्वर झालेला माणूस राजा असो की रंक, अंथरुणावर पडून ताप उतरण्याची वाट पाहत असे. तो ताप दूषित पाण्यातून, अन्नातून येतो. मुक्कामामुक्कामाला नव्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या नाटकमंडळ्यांत तो किती जणांना गाठत असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्यांतल्या कोणाला दृष्ट लागल्याचे कोणी म्हटले नाही, कारण ते धैर्यधर नव्हते.

केशवरावांच्या कथेला अलीकडे नवा धुमारा फुटला आहे. कोल्हापूरचे त्यांच्या नावाचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. शाहू महाराजांच्या काळातले ते जुने थिएटर. आणि ९ ऑगस्ट हा केशवरावांचा जन्मदिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकाने मला फोनवर आलेला मजकूर दाखवला. त्यात हा योगायोग नव्हे असे लिहिले होते. मग काय आहे, ते लिहिले नव्हते. पुढचे काम वाचणाऱ्यावर सोपवले होते, अगदी माझ्या आजोबांसारखे.

बालगंधर्वांच्या बाबतीत मजा अशी की, सर्वांत अविश्वसनीय वाटणारी गोष्ट खरी आहे. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. घरात लेकराचे प्रेत, आणि बाप भामिनी होऊन उभा. हे कोणा कादंबरीकाराने लिहिले असते तर मीच त्याला अतिरंजित म्हणून नावे ठेवली असती.

पण त्यांच्या अखेरीविषयी लोक जे बोलत आले ते ऐकून मला राग येतो. गोहरबाई कर्नाटकींनी करणी केली, मोहिनी घातली, आणि त्यात गंधर्व संपले! शिकलेसवरलेले लोकही हे बोलत. वास्तविक मंडळीवरचे कर्ज फार जुने होते. उंची शालू, अत्तरे, गालिचे, पंगती. येणारा पैसा दोन हातांनी आणि जाणारा चार हातांनी. मग १९३१-३२ पासून बोलपट आले आणि सगळ्याच नाटकमंडळ्यांचे प्रेक्षक पळाले. १९३५ साली बालगंधर्व स्वतः प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात उतरले ते काही हौस म्हणून नव्हे. गोहरबाई त्यांच्या आयुष्यात आल्या त्या यानंतर, उतरत्या उन्हात. त्या १९६४ साली गेल्या. बालगंधर्व १५ जुलै १९६७ ला. पडत्या काळात ज्या बाईने साथ केली तिच्यावरच लोकांनी पडण्याचे खापर फोडले. गाणारी, परधर्माची, लग्नाच्या चौकटीत न बसणारी बाई सापडल्यावर जमाखर्चाची वही कोण उघडतो? आमच्याकडे जंगलपट्टीत एखादा कर्ता माणूस अचानक गेला की गावातली एखादी एकटी म्हातारी अशीच शोधली जाते. तिथे मात्र नुसत्या बोलण्यावर भागत नाही. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला तो काही उगाच नव्हे.

यापेक्षा निरुपद्रवी अशी एक जात आहे, ती मरणाची वेळ आधी ठाऊक असल्याच्या कथांची. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले. (१९४२ म्हटले की चिमूरच्या माणसाला १६ ऑगस्टच आठवतो, पण ते प्रकरण निराळे.) दीनानाथांना ज्योतिषाचा नाद होता आणि आपला अंत त्यांनी आधीच वर्तवला होता, असे त्यांच्या घरातूनच सांगितले गेले आहे. एकोणतीस चित्रपटांत कृष्ण झालेले शाहू मोडक, जन्माने अहमदनगरचे ख्रिस्ती, तेही ज्योतिषी. ११ मे १९९३ ला ते गेले, आणि आपला दिवस त्यांनीही अगोदर सांगून ठेवला होता म्हणतात. मी यावर वाद घालीत नाही. घरच्यांना अशा गोष्टींचा आधार वाटत असेल तर तो काढून घेणारे आपण कोण? माझी नजर जाते ती दुसरीकडे. दीनानाथ गेले तेव्हा बलवंत संगीत मंडळी राहिली नव्हती, सांगलीची चित्रपटसंस्था बुडाली होती, आणि पाच मुलांतली थोरली लता बारा वर्षांचीही... नव्हे, बारा पुरी होऊन काही महिने झाले होते. त्याच वर्षी ती कामाला लागली. ग्रहांनी काय सांगितले होते ते असो. घरात दुसऱ्या दिवशीची चूल पेटवायची होती.

स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ रोजी गेली, घाणेकर गेले त्याच वर्षी. ती 'गेली' म्हणतो, 'गेल्या' म्हणवत नाही. 'उंबरठा' आणि 'जैत रे जैत' पाहिलेल्या आमच्या पिढीला ती घरातलीच. तिच्या भोवती तर कथांचे जाळे आहे. जुलै १९८२ मध्ये अमिताभ बच्चन यांना चित्रीकरणात जीवघेणी दुखापत झाली. आदल्या रात्री स्मिताने फोन करून आपल्याला वाईट स्वप्न पडल्याचे सांगितले होते, ही हकीगत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. मेल्यावर आपल्याला सवाष्णीसारखे सजवा, असे ती आपले रंगभूषाकार दीपक सावंत यांना म्हणाली होती आणि त्यांनी ते केले, हेही त्यांच्याच तोंडचे. या दोन खऱ्या धाग्यांवरून लोकांनी काय काय विणले! तिला सारे आधीच दिसत होते. ती या जगातली नव्हतीच. 'जैत रे जैत'मधली चिंधी मरते, तिथेच तिने आपले मरण पाहिले. त्यात मृत्यूनंतर तिचे चित्रपट एकामागून एक पडद्यावर येत राहिले, तेव्हा लोकांना ती अर्धी इकडे अर्धी तिकडे वाटली तर नवल नाही.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात बोलण्याच्या ओघात मी हे सगळे सांगितले. मुली डोळे विस्फारून ऐकत होत्या. मागच्या बाकावरची एक, सहसा न बोलणारी, म्हणाली, "गुरुजी, पण ते मेली कायनं जी?"

मी म्हटले, बाळंतपणाने. २८ नोव्हेंबरला मुलगा झाला आणि पंधरा दिवसांनी ती गेली. वय एकतीस, केशवरावांचे होते तेवढेच. बाळंतपणानंतर अंगात भिनणाऱ्या विषाचे, जंतूंचे कारण तेव्हा सांगितले गेले.

वर्ग गप्प झाला. ही गप्पता भुताच्या गोष्टीनंतरची नव्हती. यांच्यापैकी किती घरांत कोणाची काकी, कोणाची मोठी बहीण याच कारणाने गेलेली असेल. रस्ता नाही, नाल्याला पूर, दवाखाना लांब, आणि मग बाहेरची बाधा झाली म्हणून कोणाला तरी बोलावणे. त्या बायकांना स्वप्ने पडली होती का, हे कोणी विचारले नाही. आणि इथे मुंबईत, मोठ्या इस्पितळात, एवढी नावाजलेली नटी तेच दुखणे घेऊन गेली.

त्या दिवशी इतिहासाचा धडा बाजूला राहिला. मी मुलींना व्हिएन्नातल्या सेमेलवाइस डॉक्टरची हकीगत सांगितली. तिथल्या इस्पितळात बाळंतिणी तापाने पटापट मरत, आणि लोक हवेला, नशिबाला दोष देत. १८४७ साली त्याने ताडले की, प्रेते चिरणारे वैद्य तेच हात घेऊन बाळंतिणीजवळ येतात. क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावल्याबरोबर मरणे झपाट्याने उतरली. तरी इतर वैद्यांनी त्याचे ऐकले नाही. तो स्वतः १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून मेला.

"म्हंजे हातच धुवाचे होते?" त्याच मुलीने विचारले.

तास संपल्याची घंटा झाली होती, पण कोणी उठले नाही. मी फळ्यावर १८४७ लिहिले आणि पुढे सांगू लागलो.